तळ्याचा गाळ सांगतो पावसाचा इतिहास



पनवेल, उरण, पेण भागात खार जमीन कसणाऱ्यांना एक गोष्ट नव्याने सांगायला नको. भात निघाले की चैत्र-वैशाखाच्या उन्हात खाचरावर पांढरी पापडी धरते. पाणी वाफ होऊन उडते, क्षार मात्र मागे राहतात. पुढे मृगाचा पाऊस ते धुऊन नेतो. नेमक्या याच नियमावरून शास्त्रज्ञ हजारो वर्षांपूर्वीचे पाऊसमान ओळखतात.

गाळ ही निसर्गाची रोजकीर्द

दर पावसाळ्यात माती, पाने व परागकण वाहत येऊन तळ्याच्या तळाशी बसतात. जुना थर खाली, नवा थर वर. तळात उभी नळी घुसवून हा गाळ अखंड काढतात. त्यातील पाने व लाकडाचे वय किरणोत्सारी कार्बनवरून ठरविले जाते. हा कार्बन दर सुमारे ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. त्यानंतर प्रत्येक थराची तपासणी होते.

१. क्षार : तळे आटू लागले की पाण्यातील क्षारांचे खडे बनून गाळात बसतात.

२. चुंबकीय खनिजे : काळ्या पाषाणाच्या मातीत लोहाची खनिजे असतात. जोराच्या पावसाने ती अधिक वाहून येतात. परंतु जंगलतोडीनेही धूप वाढते, म्हणून एकाच पुराव्यावर निष्कर्ष काढत नाहीत.

३. वनस्पतींचे अवशेष : ज्वारी, बाजरी व उष्ण प्रदेशातील बरीच गवते हवेतील कार्बन एका पद्धतीने घेतात, तर भात, गहू व बहुतेक झाडे दुसऱ्या पद्धतीने. गाळातील जड व हलक्या कार्बनच्या प्रमाणावरून तेथे झाडी होती की गवत, हे समजते.

राजस्थानातील डिडवाणा व लुणकरणसर येथील कोरड्या मिठागरी तळ्यांचा असाच अभ्यास झाला असून, आजच्या वाळवंटात एके काळी पाण्याने भरलेली तळी होती, हे त्यावरून दिसून आले.

लोणारचा पुरावा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळातून २००८ मध्ये सुमारे १० मीटर लांबीचा गाळ काढण्यात आला. जर्मनीतील पॉट्सडॅम येथील संस्थेबरोबर नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्थाही या अभ्यासात होती. डॉ. सुषमा प्रसाद व सहकाऱ्यांनी निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. गेलुसाइट नावाच्या क्षाराचे खडे काही थरांत आढळले. हा क्षार पाणी फार आटून खारट झाल्यावरच बनतो. त्यावरून दोन दीर्घ कोरडे कालखंड ठरविण्यात आले : पहिला सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. प्रशांत महासागरातील उबदार पाण्याच्या बदलांशी त्यांचा संबंध जोडला गेला आहे.

याचा अर्थ शेकडो वर्षे पाऊस पडलाच नाही, असा नव्हे. चांगली वर्षे येत असणार, पण सरासरी खाली गेली होती. १९७२ चा दुष्काळ आपण विसरलेलो नाही. तो काही वर्षांचा होता. मोसमी पाऊस शतकानुशतके कमजोर राहू शकतो, हे मात्र आपल्या आठवणीत नाही, गाळात आहे.

आपण काय करावे?

खार जमिनीचे पीक क्षार धुणाऱ्या पावसावर अवलंबून असते. पाऊस कमी पडला तर क्षार जमिनीतच राहतात. म्हणून :

• पावसाळ्यापूर्वी खारबंदिस्तीची व उघाडीची दुरुस्ती करावी.
• सुरुवातीच्या पावसाने क्षार धुऊन काढूनच लावणी करावी.
• पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ यांसारख्या क्षार सहन करणाऱ्या जाती घ्याव्यात.
• शेततळ्यात गोडे पाणी साठवावे.
• कापणीनंतर पेंढ्याचे आच्छादन करावे, म्हणजे क्षार वर येण्याचे प्रमाण कमी होते.

पाऊस आपल्या हाती नाही. पडलेले पाणी राखणे मात्र आहे. येत्या उन्हाळ्यात खाचरावर पापडी दिसली, तर ती नुसती तुडवू नका. यंदाच्या वर्षाची ती नोंद आहे, एवढे ध्यानात घ्या आणि बांधाकडे वळा.