एक ‘बार’, अर्थ फार

आमच्या वस्त्यांतील मुले इंग्रजीला भितात ती मोठमोठ्या शब्दांमुळे, असा पालकांचा समज असतो. खरे म्हणजे फसवतात ते छोटेच शब्द. ‘बार’ हाच शब्द घ्या. तो कानावर पडला की डोळ्यांपुढे दारूचे दुकान उभे राहते आणि पंचशील पाळणाऱ्या घरात तो नकोसा वाटतो. परंतु त्या बिचाऱ्या शब्दाचा मूळ अर्थ अगदी साधा आहे : दांडा, गज, सळई.

बांधकामावर सळया वाकवणारा आपला कारागीर ‘बार बेंडर’. पहार म्हणजे ‘क्रोबार’. साबणाची लांबट वडी, तीही बार. ‘बिहाइंड बार्स’ म्हणजे गजाआड. दारूच्या दुकानालासुद्धा हे नाव पडले ते गिऱ्हाईक आणि विकणारा यांच्यामधल्या आडव्या फळीवरून.

आडवा दांडा वाट अडवतो, म्हणून बार म्हणजे मनाई. आपल्या मराठीतही आडवी काठी ती आडकाठी! नोकरीला वय उलटून गेले की ‘एज बार’. दाव्याची मुदत संपली की ‘टाइम बार्ड’. संविधानाच्या ३२९ व्या कलमाच्या इंग्रजी मथळ्यातही हाच शब्द आहे. निवडणुकीच्या बाबींत न्यायालयांच्या हस्तक्षेपाला तेथे बार घातला आहे.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना ‘ईबी’ आठवत असेल. तिसऱ्या वेतन आयोगात कनिष्ठ लिपिकाची श्रेणी २६०-६-२९०-ईबी-६-३२६ अशी सुरू होई. ईबी म्हणजे एफिशियन्सी बार. पगार २९० वर आला की वरिष्ठांनी काम समाधानकारक ठरवल्याशिवाय पुढची वाढ नाही. ज्याला ही दोन अक्षरे उमगत नसत, त्याला आपली वाढ का अडली हेही उमगत नसे. पाचव्या वेतन आयोगाच्या श्रेणींतून हा बार गेला.

एक बार मात्र गेलेला नाही. वधू-वरांच्या जाहिरातीत ‘कास्ट नो बार’ असे ऐटीत छापतात, म्हणजे जातीची आडकाठी नाही. आणि शेजारीच ‘एससी, एसटी क्षमस्व’! आमच्या मुलींनी अशा जाहिरातीतील इंग्रजीही वाचावे आणि मराठीही.

आता बॅरिस्टर. इंग्लंडमध्ये कायदा शिकवणाऱ्या संस्थांच्या सभागृहात ज्येष्ठांची जागा आणि विद्यार्थ्यांची जागा यांच्यामध्ये आडवा कठडा असे. विद्यार्थी पात्र ठरला की त्याला कठड्याशी बोलावीत. त्यावरून ‘कॉल्ड टू द बार’ हा वाक्प्रचार आला आणि ‘बॅरिस्टर’ शब्दही. बाबासाहेबांनी १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली परतावे लागले, १९२० साली ते पुन्हा गेले आणि बॅरिस्टर झाले. ज्यांच्या समाजाला पाणवठ्यावर बार होता, त्यांना त्या बारपाशी सन्मानाने बोलावले गेले.

पुढे महाडला दोन्ही बार समोरासमोर आले. डिसेंबर १९२७ मध्ये तेथील न्यायालयाने चवदार तळ्यावर जाण्यास अस्पृश्यांना तात्पुरती मनाई केली. तो दावा दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

वाक्प्रचार आणखी आहेत. ‘बार नन’ म्हणजे एकाचाही अपवाद न करता. ‘नो होल्ड्स बार्ड’ हा कुस्तीतला. कोणत्याही पकडीला मनाई नाही, म्हणजे सर्व काही चालेल अशी लढत. ‘रेज द बार’ उंच उडीतला. दांडा वर चढवणे, अपेक्षा वाढवणे.

हवामानातला ‘मिलिबार’ मात्र या कुळातला नव्हे. तो ‘वजन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आणि आपल्याकडे लग्नाचा बार उडतो किंवा एखाद्याचा बार फुसका निघतो, तो बंदुकीचा. त्याचा इंग्रजीशी संबंध जोडू नये.