रंगाला सपाट कोण करतं?

कपाटाचं सागवानी दार उभं करून त्यावर लॅकरचा स्प्रे नुकताच मारलाय. दिव्याचा उजेड तिरपा पडेल असं बघून जवळून पाहा. आधी बारीक उंचवटे दिसतात, संत्र्याच्या सालीसारखे. दिसणारच, गनमधून बाहेर पडतात ते केसाहूनही बारीक असे असंख्य थेंब. पण बघता बघता उंचवटे विरतात आणि दिव्याचं प्रतिबिंब रेखीव होतं. कुणी हातसुद्धा लावलेला नसतो!

गुरुत्वाकर्षणामुळे म्हणावं, तर उभ्या दारावर ते रंगाला फक्त खाली ओढणार. ही करामत पृष्ठताणाची. आपला पृष्ठभाग होईल तितका आक्रसायचा हा द्रवाचा स्वभाव, आणि उंचसखल थरापेक्षा सपाट थराचं क्षेत्रफळ कमी.

ऑर्चर्ड नावाच्या संशोधकांनी १९६२ मध्ये मांडलेलं याचं गणित तर थक्क करतं. दोन उंचवट्यांमधलं अंतर निम्मं केलं, की ते सोळापट लवकर सपाट होतात. थराची जाडी दुप्पट केली, तर आठपट लवकर. मग जाडच मारावा की! पण जाडी दुप्पट झाली की खाली घसरायचा वेगही चौपट होतो, आणि दारावर ओघळ येतात.

म्हणजे सगळा खेळ लॅकर पातळ ठेवणारा थिनर उडून जायच्या आतला. गन फार लांब धरली तर थिनर हवेतच उडतो, थेंब अर्धवट सुकून पोहोचतात आणि बोटाला वाळूसारखी खरखर लागते. म्हणून साधारण सहा ते आठ इंचांचं अंतर, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. नवशिके गन मनगटातून फिरवतात. मग मध्ये थर जाड, कडेला विरळ. मुरलेला कारागीर अख्खा हात दाराला समांतर नेतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक गंमत. थिनर उडताना थर गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर दवासारखं धरतं आणि लॅकर पांढुरकं होतं. अशा वेळी सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका हात मारतात. वरचा थर पुन्हा विरघळतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि बहुतेकदा खालचं सागवान पुन्हा दिसू लागतं.