हिरवळीखालची जमीन: क्रीडामैदानांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळा-महाविद्यालयांच्या किंवा नगरपालिकेच्या मैदानावरील गवत विरळ झाले, की नवे गवत आणून बसवणे हाच उपाय सामान्यतः योजला जातो आणि एक-दोन हंगामांत तेही उडाले, की दोष गवताच्या जातीला, माळ्याला किंवा उन्हाला दिला जातो. वस्तुतः अशा ठिकाणी बहुधा गवताच्या मुळांना हवा मिळेनाशी झालेली असते आणि ज्या जमिनीतून ती नाहीशी झाली त्याच जमिनीवर नवे गवत पसरल्याने मूळ कारण जागच्या जागी राहते. मैदानाची दुरुस्ती मातीपासून सुरू होते, हे मान्य न केल्यामुळेच या विषयातील बहुतेक गैरसमज टिकून आहेत.

महाराष्ट्रातील मैदानांवर प्रामुख्याने हरळी आणि तिचे बर्म्युडा या नावाने ओळखले जाणारे निवडक व संकरित प्रकार लावले जातात. हरळी जमिनीवर सरपटणाऱ्या धावत्या काड्यांनी आणि जमिनीखालच्या खोडांनी पसरते, त्यामुळे बुटांच्या घर्षणाने फाटलेली जागा ती स्वतःहून भरून काढते. मात्र त्यासाठी तिला भरपूर ऊन, साधारण २७ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि भुसभुशीत जमीन लागते. प्रेक्षागृहाच्या छपराच्या किंवा मोठ्या झाडांच्या सावलीत ती कितीही खत घातले तरी दाट होत नाही. एक खुलासा येथेच करणे इष्ट आहे. अमेरिकेत विकसित झालेल्या आणि जगभर पसरलेल्या ‘टिफवे ४१९’सारख्या संकरित जातींना उगवणक्षम बी धरत नाही, त्यामुळे अशा मैदानावरील उघडे पडलेले तुकडे बाजारातील बर्म्युडाचे बी टाकून भरले, तर तेथे वेगळ्या पोताचे व रंगाचे गवत उगवते आणि मैदान ठिगळे लावल्यासारखे दिसते. त्याच जातीच्या काड्या किंवा मुळांसह कापलेले चौकोन लावणे हाच तेथे योग्य मार्ग असतो.

सर्वांत घातक गैरसमज रोलरविषयी आहे. मैदान जितके दाबावे तितके ते सपाट आणि चांगले होते, ही समजूत क्रिकेटच्या खेळपट्टीवरून आली असावी, आणि खेळपट्टीपुरती ती खरीही आहे, कारण चेंडू उसळावा म्हणून तेथील २०.१२ मीटर लांबीची चिकणमातीची पट्टी ओलसर असताना हेतुपुरस्सर दाबून घट्ट केली जाते. उर्वरित मैदानाची गरज याच्या नेमकी उलट असते. चांगल्या मातीच्या एकूण आकारमानाचा जवळपास निम्मा भाग मातीच्या कणांमधील पोकळ्यांनी व्यापलेला असतो आणि त्यांत पाणी व हवा नांदतात. वारंवार धावण्याने, वाहनांनी आणि रोलरने या पोकळ्या, विशेषतः वरच्या ५ ते ८ सेंटिमीटरच्या थरातील, मिटत जातात, मग पाणी मुरत नाही, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती वरवरच राहतात. दख्खनच्या काळ्या मातीत ही हानी अधिक वेगाने होते, कारण तिच्यातील फुगणारी चिकणमाती ओली असताना थोड्या वजनानेही दबते आणि वाळल्यावर भेगाळते. म्हणूनच जोराच्या पावसानंतर लगेच खेळलेला एक सामना कित्येक कोरड्या सामन्यांपेक्षा मैदानाचे अधिक नुकसान करतो, आणि असा सामना पुढे ढकलणाऱ्या व्यवस्थापकाला हटवादी म्हणणे अन्यायाचे आहे.

घट्ट झालेल्या मैदानावर उपाय म्हणजे वायुवीजन, अर्थात पोकळ सुळ्यांच्या यंत्राने ८ ते १० सेंटिमीटर खोलीपर्यंत मातीच्या लहान नळकांड्या उपसून काढणे. भोके पाडल्याने हिरवळ खराब होते, ही भीती निराधार आहे. वाढीच्या हंगामात हरळी काही आठवड्यांत ती बुजवते आणि नवी मुळे नेमकी त्याच वाटांनी खाली उतरतात. हे काम माती ओलसर असताना करावे, चिखल असताना नव्हे, कारण चिखलात सुळे भोकाच्या भिंती लिंपून टाकतात. यंत्र परवडत नसेल, तर गोलजाळ्यासमोरील आणि मध्यवर्तुळातील सर्वाधिक तुडवलेल्या जागा बागेतील काटेफावड्याने उचकटून मोकळ्या करणेही पुष्कळ उपयोगी ठरते.

वरून लाल माती पसरून मैदान ‘नवे’ करण्याची पद्धत राज्यभर रूढ आहे. खालच्या मातीहून वेगळ्या पोताची माती थर म्हणून पसरली, की दोन थरांच्या सीमेवर पाणी अडते, मुळे तेथेच थबकतात आणि वरचा थर उन्हाळ्यात धूळ होऊन उडतो. दादरच्या शिवाजी पार्क मैदानावरील लाल मातीच्या धुळीने परिसरातील रहिवाशांना वर्षानुवर्षे दिलेला त्रास सर्वश्रुत आहे. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की निचरा सुधारतो, हा समजही असाच फसवा आहे: थोडी वाळू चिकणमातीत नुसती अडकून बसते आणि मिश्रण अधिक घट्ट होते, कारण वाळूचे कण एकमेकांना टेकून त्यांच्यामध्ये मोकळी जागा उरावी यासाठी मिश्रणाचा बहुतांश भाग वाळूचाच असावा लागतो. म्हणून मोठ्या क्रीडासंकुलांत वाळूप्रधान मिश्रणाचा सुमारे ३० सेंटिमीटरचा थर आणि त्याखाली खडी व निचरानलिका अशी संपूर्ण रचनाच नव्याने केली जाते. लहान मैदानाला हा खर्च झेपणारा नाही. त्याने पृष्ठभागाला मध्यापासून कडांकडे हलका उतार द्यावा आणि भरावासाठी मूळ मातीशी जुळणारी, चाळलेली मातीच वापरावी. कच्चे शेणखत टाळावे, कारण त्यासोबत तणांचे बी येते.

रोज थोडे पाणी शिंपडल्याने गवत ताजे राहते, असे मानले जाते. प्रत्यक्षात त्यामुळे वरचा थर सतत ओला राहतो, मुळे खाली जाण्याचे कारणच उरत नाही आणि लव्हाळ्यासारख्या ओल आवडणाऱ्या तणांचे फावते. १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद फुटबॉल मैदानाचे क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर होते आणि त्यावर केवळ ५ मिलिमीटर पाणी द्यायचे तरी ३५,७०० लिटर लागतात. हे पाणी रोज वरच्या वर देण्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा खोलवर मुरेल असे दिल्यास बाष्पीभवनाने जाणारा वाटा घटतो. दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या महिन्यानंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्यास सांगितले, त्या राज्यात हा हिशेब प्रत्येक मैदानाने मांडायलाच हवा. हरळी क्षार बऱ्यापैकी सहन करते, त्यामुळे प्रक्रिया केलेले सांडपाणी तिला चालते.

कापणीबाबत नियम सोपा आहे: एका वेळी पात्यांच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, अन्यथा मुळांची वाढ खुंटते. कापलेले गवत मैदानावर राहिल्यास त्याचा थर साचतो, ही धास्ती अनाठायी आहे. साचणारा थर मुख्यत्वे सावकाश कुजणाऱ्या काड्या व मुळांचा असतो, तर बारीक कापलेली पाती लवकर कुजून आपल्यातील नत्र जमिनीला परत देतात. गडद हिरवा रंग म्हणजे सुदृढ गवत, असेही नव्हे. युरियाचा मारा केलेली हिरवळ उद्घाटनाच्या दिवशी शोभते, पण तिची पाती रसाळ व मुळे दुबळी असतात.

भरपूर पैसा ओतला तर मैदान हवे तेव्हा तयार होते, हा समज सधन संस्थांमध्येही आढळतो. भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतील मार्च २०२३ चा तिसरा कसोटी सामना धर्मशालेहून इंदूरला हलवावा लागला, कारण कडक हिवाळ्यामुळे तेथील मैदानावरील गवत पुरेसे दाट झाले नव्हते. महाराष्ट्रात थंडीचा अडसर कमी आहे, तरी नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत हरळी मंदावते, आणि ऐन पावसाळ्यातील ढगाळ आठवड्यांत तिला पुरेसे ऊन मिळत नाही. म्हणून वायुवीजन व लागवड उन्हाळ्याच्या अखेरीस उरकून पावसाळ्याच्या प्रारंभी मुळे धरू द्यावीत, आणि मैदान संपूर्ण बंद ठेवणे शक्य नसेल तेथे निदान दुरुस्त केलेला भाग दोरीने अडवून, गोलजाळी सरकवून आणि सराव दुसऱ्या कडेला नेऊन नव्या काड्या एकमेकींत गुंतेपर्यंत त्याला विश्रांती द्यावी.