बारा वर्षांची मांजर जेवेनाशी होते तेव्हा

गणपतीसाठी घरचे सगळे पाच दिवस कोकणात गेले. बारा वर्षांच्या मांजरीची सोय शेजाऱ्यांकडे लावून दिली होती. ते रोज सकाळी येऊन वाटीत खाणे घालत, पाणी बदलत. मंडळी परतली तर मांजर पलंगाखालून बाहेर येईना. आवडीचा बांगडा पुढे धरला, तिने हुंगला आणि तोंड फिरवले. रुसली असेल, वयही झाले आता, असे म्हणत आणखी दोन दिवस गेले. मग कुणाच्या तरी लक्षात आले की कानाच्या आतली गुलाबी त्वचा पिवळी दिसते आहे. तपशील घरोघरी बदलतात, पण उतारवयातल्या, अंगाने भरलेल्या मांजरीचा यकृताचा आजार अनेकदा असाच उघडकीस येतो.

कावीळ म्हटले की मराठी घरात पथ्य आठवते. तेल-तूप बंद, मऊ भात, उसाचा रस आणि पोटाला विश्रांती. माणसाच्या साध्या विषाणूजन्य काविळीत रोगी बहुधा आपोआप बरा होतो आणि श्रेय पथ्याला मिळते. मांजरीला हेच पथ्य लावले तर तिचा जीव जाऊ शकतो. उपाशी राहणे हेच तिच्या आजाराचे कारण असू शकते, आणि खाऊ घालणे हा त्यावरचा मुख्य उपचार आहे.

असे का होते, हे समजण्यासाठी मांजर मूळची शिकारी आहे हे लक्षात घ्यावे लागते. दिवसभरात उंदीर-पाखरांसारखे लहान लहान घास खाऊन जगण्यासाठी तिचे शरीर घडले आहे. खाणे थांबले की अंगातली साठवलेली चरबी सुटून रक्तातून यकृताकडे धावते. ती जाळायची किंवा बांधून पुन्हा बाहेर पाठवायची, ही यकृताची कामे. त्यासाठी लागणारी प्रथिने आणि इतर घटक अन्नातूनच यायचे असतात आणि अन्न तर बंद झालेले असते. मग चरबी यकृताच्या पेशींतच साचत जाते, पेशी फुगतात, पित्ताच्या बारीक वाटा दाबल्या जातात आणि कावीळ होते. यकृत बिघडले की मळमळ वाढते, मळमळीने खाणे आणखी सुटते. लठ्ठ मांजरीत हे चक्र काही दिवसांच्या उपवासानेही सुरू होऊ शकते. माणूस आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याचे यकृत अशा रीतीने कोसळत नाही. म्हणूनच ‘खाईल भूक लागली की’ हा माणसांचा हिशेब इथे चुकतो.

प्रथिनांवर मांजर किती अवलंबून आहे, हे दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेत डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झाला. मॉरिस आणि रॉजर्स यांनी तो १९७८ साली प्रसिद्ध केला. आर्जिनीन हे एकच अमिनो आम्ल वगळलेले जेवण मांजरांना दिल्यावर काही तासांतच त्यांच्या रक्तातला अमोनिया विषारी पातळीला गेला. आपल्याकडे कितीतरी मांजरी दूध-पोळी आणि दहीभातावर वाढवल्या जातात. घर शाकाहारी असले तरी मांजर शाकाहारी होत नाही.

यकृतात चरबी साचण्यामागे बहुतेक वेळा दुसरा एखादा आजार दडलेला असतो. मांजरीची पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची मुख्य नलिका आतड्यात उघडण्याआधी एकमेकींना मिळतात, त्यामुळे आतडे, स्वादुपिंड आणि पित्तमार्ग या तिघांची सूज पुष्कळदा एकत्र आढळते. वयस्क मांजरीत लिम्फोमासारखा कर्करोग, मधुमेह, किडलेले दात हेही असू शकते. दात दुखतो म्हणून मांजर खात नाही आणि खात नाही म्हणून यकृत जाते, असेही घडते. काही वेळा निमित्त फक्त घर बदलल्याचे, नव्या कुत्र्याचे किंवा दिवाळीच्या फटाक्यांचे असते.

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की माणसांच्या अहवालाचा अनुभव असलेले नातेवाईक मदतीला येतात. तो अनुभव इथे जपून वापरावा. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम मांजरीच्या रक्तातून लवकर नाहीसे होते, त्यामुळे त्यातली थोडीशी वाढही महत्त्वाची ठरते. उलट म्हाताऱ्या मांजरीत थायरॉईड वाढले तरी यकृताची एन्झाइमे वाढलेली दिसतात. अशी मांजर सहसा भरपूर खाते आणि तरीही वाळत जाते. सोनोग्राफी बहुधा लागतेच. यकृताचा तुकडा काढून तपासायचा असेल तर रक्त गोठण्याची चाचणी आधी होते आणि ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शनही दिले जाते, कारण पित्त अडले की हे जीवनसत्त्व शोषले जात नाही.

पशुवैद्य नळी घालू या म्हणतात, तिथे घरचे बिचकतात. माणसाला नळीने अन्न म्हणजे शेवटची घटका, हे चित्र मनात पक्के बसलेले असते. मांजरीसाठी ही नळी बरी होण्याची वाट आहे. थोड्या वेळाची भूल देऊन मानेच्या बाजूने अन्ननलिकेत बारीक नळी बसवतात आणि गळ्याभोवती मऊ पट्टी बांधतात. नळी असतानाही मांजर तोंडाने खाऊ शकते, फिरू शकते, मांडीवर येऊन बसू शकते. चार किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याच्या पाव ते तिसरा हिस्साच देतात आणि पुढचे काही दिवस हळूहळू वाढवत नेतात. फार दिवसांच्या उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातले पोटॅशियम आणि फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत घसरते, म्हणून सुरुवातीचे दिवस दवाखान्यात काढलेले बरे. पुढे मऊ केलेले अन्न कोमट करून, सिरिंजने सावकाश, दिवसातून चार-पाच वेळा द्यायचे आणि नंतर पाण्याने नळी धुवायची. हे काम घरचा कुणीही शिकू शकतो. मात्र ते काही आठवडे नेमाने करावे लागते आणि खर्चही होतो, हे आधीच बोलून घेतलेले चांगले. बळजबरीने तोंड उघडून अन्न कोंबणे हा नळीला पर्याय नाही. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि मळमळत असताना कोंबलेल्या अन्नाचा मांजरीला पुढे तिटकाराही येऊ शकतो.

‘यकृत खराब, म्हणून प्रथिने कमी’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो. अमोनिया वाढून मेंदूवर परिणाम झाला असेल, मांजर सुस्त पडून लाळ गाळत असेल, तर प्रथिनांचे प्रमाण पशुवैद्य ठरवतात. एरवी मांजरीची प्रथिने तोडणे घातक आहे. माणसांच्या वैद्यकालाही हे उशिराच उमगले. सिरॉसिसच्या रुग्णांची डाळ-अंडी वर्षानुवर्षे बंद केली जात होती. आज त्यांना वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि झोपण्यापूर्वी थोडे खाणे सांगितले जाते.

घरातल्या औषधांच्या डब्याकडे मात्र हात जाऊ नये. अनेक औषधे निर्विष करणारे यकृतातले एक महत्त्वाचे एन्झाइम मांजरकुळात निकामी आहे. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजरीला मारू शकते. भूक वाढवण्यासाठी एकेकाळी तोंडाने दिले जाणारे डायझेपाम काही मांजरींचे यकृत पूर्ण निकामी करते, असे दिसून आले आहे.

खाणे वेळेत आणि पुरेसे पोहोचले तर यकृतात चरबी साचलेल्या बहुसंख्य मांजरी बऱ्या होतात आणि हा आजार सहसा पुन्हा उलटत नाही. मागे कर्करोग असेल किंवा पित्तमार्गाची सूज फार पुढे गेली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ती अंग चाटून स्वच्छ करते का, मातीच्या ट्रेपर्यंत स्वतः जाते का, हाक मारल्यावर कान वळवते का, याची रोज एका वहीत नोंद ठेवावी. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त होऊ लागले की पशुवैद्याला वेदनारहित मरणाबद्दल विचारण्यात क्रौर्य नाही. हा निर्णय घरातल्या एकट्या माणसावर टाकू नये.

बरी होणारी मांजर एखाद्या दिवशी अचानक वाटीपाशी येते. ती काही दिवस सलग तोंडाने पोटभर खाऊ लागली आणि वजन टिकले, की नळी काढतात. भोक आपोआप भरून येते, टाके लागत नाहीत. त्यानंतर दर पंधरवड्याला तिला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. जाड मांजरीला बारीक करायचे असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने, महिनोन्‌महिने लावून. उपाशी ठेवून नाही. आणि पुढच्या गणपतीला शेजाऱ्यांकडे किल्ली देताना वाटीत किती घातले एवढेच विचारू नये, किती उरले तेही रोज फोनवर विचारावे. चोवीस तास वाटी तशीच भरलेली असेल तर पशुवैद्याला फोन करावा. दुसरा दिवस उजाडला तर मांजर टोपलीत घालून थेट दवाखान्यात न्यायला सांगावे.