जुने पॅड फेकण्याआधी

भरलेली पिकअप लोणावळ्याहून खोपोलीला उतरते तेव्हा ती पाचशे मीटरहून जास्त खाली येते. मालासकट गाडी अडीच टनांची धरली, तर या उतरणीत मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेवर जवळपास चाळीस लिटर पाणी उकळेल. गाडी गिअरमध्ये असेल तर त्यातला काही भार इंजिन उचलतं. उरलेली बरीचशी उष्णता ब्रेक पोटात घेतात, त्यातही पुढचे जास्त, कारण ब्रेक दाबला की वजन पुढे येतं.

पॅडचं अस्तर तीन मिलिमीटरच्या आसपास आलं की पॅड बदलावेत. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक जीभ असते. अस्तर झिजलं की ती डिस्कला घासून किंचाळते. खरखर ऐकू येईपर्यंत थांबलात तर लोखंड लोखंडावर घासू लागतं आणि डिस्कचाही खर्च वाढतो.

हे काम अंगणात करता येतं, मात्र जमीन सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना ठोकळे लावावेत, चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत. जॅक फक्त उचलण्यासाठी. गाडीचा भार स्टँडवरच हवा. इथे घाई नको, जिवाशी गाठ आहे. धूळ फुंकू नये किंवा हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. कॅलिपर सोडवला की तारेने बांधून ठेवावा. होजवर लोंबकळला तर होज आतून फाटू शकतो.

आता जुने पॅड शेजारी शेजारी ठेवून नीट पाहा. माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा भाग, आणि नेमका तोच घाईत राहून जातो. अशा बहुतेक गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड ढकलतो आणि कॅलिपर पिनांवर सरकत बाहेरचा पॅड ओढून आणतो. एक पॅड पातळ आणि दुसरा जाड दिसला, तर पिना अडकल्या असतील किंवा पिस्टन मागे येत नसेल. पॅड तिरका झिजला असेल तरी संशय पिनांवरच. रबरी टोपी फाटून पाणी आत गेलं की पिना गंजतात. हे दुरुस्त न करता नवे पॅड घातले, तर तेही तसेच झिजतील. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावावं; साध्या ग्रीसने रबर फुगतं.

डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याहून पातळ झाली असेल तर ती बदलायलाच हवी. पिस्टन क्लॅम्पने हळूहळू मागे दाबावा. तेव्हा टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, त्याकडे लक्ष ठेवावं. रंगावर सांडलं तर रंग जातो. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते.

चाकं चढवून नट समोरासमोर आवळले, तरी गाडी लगेच हलवू नये. पिस्टन मागे गेलेला असल्याने पेडल पहिल्यांदा थेट तळाला जातं. ते कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावं. तरीही पिचपिचीत राहिलं तर नळीत हवा शिरली असेल, मग फिटरलाच घरी बोलवा. पेडल ठीक असेल तर मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत, मध्ये ब्रेक गार होऊ देत, काही वेळा वेग उतरवावा. नवं अस्तर डिस्कवर बसतं ते असं, आणि माल भरून घाट उतरायचा तो त्यानंतरच.