गाडीचे शॉकअप गेलेत, हे कसं ओळखायचं?



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण आपल्या रोजच्या प्रवासातला आहे. आम्ही चौघी शिक्षिका साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कासच्या बाजूला शाळेवर जातो. गाडी माझी, पेट्रोल वाटून. मागच्या जुलैत आमच्यातल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या आणि पहिल्याच दिवशी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "अहो, गाडीला काय झालंय? होडीत बसल्यासारखं वाटतंय." रोज जाणाऱ्या आम्हा तिघींना मात्र काहीच जाणवलं नव्हतं.

या विषयातली खरी अडचण हीच आहे. पंक्चर झालं की लगेच कळतं, हॉर्न बंद पडला की कळतं. शॉकअप मात्र थोडा थोडा कमजोर होत जातो आणि चालवणाऱ्याला त्याची सवय होत जाते. हात स्टिअरिंग जरा जास्त सावरायला लागतात, पाय ब्रेक जरा लवकर दाबायला लागतो, आणि आपण म्हणतो, रस्ताच खराब झालाय!

आधी शॉकअपचं काम समजून घेऊ. गाडीचं वजन शॉकअप पेलतो असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटायचं. वजन पेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंग एकदा दाबली गेली की ती वर-खाली नाचत राहते. तो नाच थांबवणं हे शॉकअपचं काम. वर्गात हे दाखवायला एक सोपी कृती आहे. लहान बाळाला औषध पाजायची बिनसुईची सिरिंज घ्या, पाणी भरा. दट्ट्या हळू दाबला तर पाणी सहज बाहेर येतं. जोरात दाबायला गेलं की दट्ट्या अडतो. आमच्या पाचवीच्या मुलांनी हे दहा वेळा करून पाहिलं (आणि अर्धा वर्ग भिजवला, ते वेगळं). शॉकअपच्या नळीतही असाच दट्ट्या असतो, पाण्याऐवजी तेल असतं, आणि ते तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून जाताना अडखळतं. स्प्रिंगची ऊर्जा तिथे उष्णता होऊन निघून जाते. झडपा झिजल्या किंवा तेल गळलं, की हा अडथळा कमी होतो.

मग बिघडतं काय? फक्त धक्के बसत असते तर मी हा लेख लिहिला नसता. चाक नाचायला लागलं की ते क्षणभर रस्त्यावरची पकड सोडतं. आणि पकड नसलेलं चाक ब्रेकही लावू शकत नाही आणि वळूही शकत नाही. ऑगस्टमध्ये घाटात धुकं आणि पाऊस असताना एक वासरू अचानक समोर आलं. मी ब्रेक दाबला. गाडीचं नाक एकदम खाली गेलं, उखडलेल्या डांबरावर पुढची चाकं थरथरली आणि माझ्या अंदाजापेक्षा बरंच पुढे जाऊन गाडी थांबली. वासरू वाचलं, आम्हीही वाचलो. गाडीत कुणी बोलत नव्हतं. ब्रेक दुसऱ्याच दिवशी तपासले, ते उत्तम होते.

तर पहिली खूण ही, की ब्रेक दाबल्यावर नाक जास्त खाली जातं. शिवाय गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा बसून शांत व्हायला हवी, ती दोन-तीनदा झुलते. वळणावर एका बाजूला जास्त कलते, आणि वळणातच खड्डा आला तर मागची बाजू किंचित सरकल्यासारखी वाटते.

दुसरी खूण टायरवर असते आणि ती मी वाया घालवली. आदल्या दिवाळीत पुढे नवे टायर टाकले होते. जूनपासून त्यांचा घोंघों आवाज यायला लागला. मला वाटलं, टायरच हलका मिळाला. टायरवरून हात फिरवून बघा. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्ली असेल तर बहुधा अलाइनमेंट. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त. पण गोलाईवर जागोजागी उंचवटे आणि खोलगट भाग हाताला लागले, तर चाक रस्त्यावर आपटत फिरतंय. बॅलन्सिंग आणि बेअरिंग बघाच, पण शॉकअपही तपासा. नाहीतर नवे टायरही तसेच खाल्ले जातील.

तिसरी तपासणी सगळ्यांना माहीत असलेली. सपाट जागी गाडी उभी करून बॉनेटचा एक कोपरा दोन-तीनदा जोरात दाबून सोडायचा. गाडी वर येऊन स्थिरावली तर ठीक, त्यानंतरही झुलत राहिली तर शॉकअप गेला. पण यात पास झालेली गाडी चांगलीच असते असं समजू नका. पूर्ण निकामी शॉकअपच यात पकडला जातो. जुलैत एका गॅरेजमध्ये कोपरा दाबून मला "काही नाही मॅडम, बिनधास्त फिरवा" असं सांगितलं होतं. मी फिरवली.

चाकामागे डोकावूनही बघा. नळीवर तेलाचा पुसट थर आणि धूळ असेल तर घाबरू नका. तेलाचे ओघळ खाली आले असतील तर सील गेलं. फक्त खडखड आवाज येतोय म्हणून लगेच शॉकअप बदलू नका. तो आवाज पुष्कळदा लिंक, बुश किंवा माउंटिंगचा असतो. आणि गाडी एका बाजूला खाली बसली असेल तर स्प्रिंग बघा.

किलोमीटरचं म्हणाल, तर दर २० हजारांना तपासावं आणि ८० हजारांच्या आसपास बदलावं असं सांगतात. माझी गाडी ६२ हजारांवर होती. रोजचा घाट, खड्डे आणि चार माणसं.

पालकांनो, शाळेच्या व्हॅनचे टायर एकदा सकाळी नजरेखालून घाला. जास्त मुलं भरलेली व्हॅन वळणावर झुलत असेल तर व्हॅनवाल्या काकांना सरळ विचारा, "काका, शॉकअप कधी बघितले होते?" रागावून नको. त्यांनाही सवय झालेली असते, जशी मला झाली होती.

बदलताना एकच बदलू नका. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही, नाहीतर दोन बाजू वेगवेगळ्या वागतात. पुढचे बदलले की अलाइनमेंट करून घ्या.

मी गणपतीच्या सुट्टीत पुढचे दोन बदलले. मागचे दिवाळीनंतर बघू असं ठरवलं होतं. दोनच दिवसांत बाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "पुढे तुम्ही आरामात आहात, मी अजून होडीतच आहे." त्या शनिवारी मागचेही बदलले.