पाहुणे दारात? सुशीला करा!

मराठवाड्यात, आमच्या परभणीकडेही, सुशीला म्हणजे मुरमुऱ्यांचा पंधरा मिनिटांतला नाश्ता. पोह्यांपेक्षा मला तर हीच आवडते!

चौघांना आठ वाट्या मुरमुरे. पाण्यात बुडवून लगेच हलक्या हाताने पिळा. जास्त भिजले की लगदा झालाच. त्यावर डाळव्याचं कूट चार चमचे, मीठ, चिमूटभर साखर. कूट विसरू नका, जास्तीचं पाणी तेच शोषतं. तेलात शेंगदाणे, मोहरी, जिरं, हिरवी मिरची, कढीपत्ता, कांदा, शेवटी हळद. मुरमुरे परता, दोन मिनिटं वाफ द्या. वर कोथिंबीर, लिंबू.

भिशीला वीसजणी येणार असतील तर फोडणी आधीच करून ठेवा. मुरमुरे मात्र ऐनवेळीच भिजवा.